भिंत ओलांडायचं काम तारेचं

घरात एक इंजिनीअर असला की घरातली आणि शेजारपाजारची विजेवर चालणारी झाडून सगळी यंत्रं त्याच्या नावावर जमा होतात. माझी डिग्री संगणकाची, नोकरी सॉफ्टवेअरची, पण मिक्सर बंद पडला तरी हाक मलाच. त्याबद्दल तक्रार नाही, सवय झालीय. तक्रार आहे ती एका प्रश्नाबद्दल. लग्नात, बारशात, सोसायटीच्या गणपतीत, अगदी तेराव्याच्या जेवणातसुद्धा मला हा प्रश्न विचारला गेलाय, "अगं, आमच्या आतल्या खोलीत वायफाय येतच नाही. कुठला राउटर घेऊ?"

माझं उत्तर आता ठरलेलं आहे. कुठलाच घेऊ नका. आतल्या खोलीपर्यंत वायर टाका.

हे ऐकून समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी त्याला गॅस काढून चूल मांडायला सांगितलंय. "वायर? आजच्या जमान्यात?" मग मी समजावून सांगायला लागते, तेवढ्यात पंगत बसते आणि विषय राहून जातो. म्हणून म्हटलं, या शनिवारी एकदाचं सगळं लिहूनच टाकावं. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हे वाचायला देईन :)

आधी थोडं भौतिकशास्त्र. घाबरू नका, बारावीच्या पलीकडे जात नाही.

वायफाय म्हणजे रेडिओ. आकाशवाणीची जी जात तीच याची, फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा. घरातला राउटर साधारणपणे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांत बोलतो. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, ५ ची सहा सेंटिमीटर. वरच्या पट्ट्यात जागा जास्त, त्यामुळे वेग जास्त, पण भिंतीतून जाताना तोच लवकर दमतो. नवा महागडा राउटर आणल्यावर हॉलमध्ये वेग तिप्पट होतो आणि बेडरूममध्ये ढिम्म फरक पडत नाही, त्याचं कारण हे.

सिग्नलची घट डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल गेले की शक्ती निम्मी. १० गेले की दहावा हिस्सा. २० गेले की शंभरावा. जिप्समचं पार्टिशन किंवा लाकडी दार दोन-चार डेसिबल खातं. चार इंची विटांची भिंत त्याहून जरा जास्त. सळ्या घातलेलं काँक्रीट दहा-वीस डेसिबल सहज गिळतं. आरसा, लोखंडी कपाट, फ्रिज हे तर सिग्नल सरळ परतवूनच लावतात.

आता हिशोब करा. एका जाड भिंतीचे १२ डेसिबल धरू. मध्ये अशा दोन भिंती, म्हणजे २४. पलीकडे उरला सुमारे अडीचशेवा हिस्सा. आणि दुकानदार सांगतो, "मॅडम, डबल पॉवरचा राउटर घ्या." डबल म्हणजे किती? ३ डेसिबल! चोवीसचं भगदाड तिनानं बुजवायचं.

बरं, राउटरनं कितीही आरडाओरडा केला तरी समोर फोन आहे, आणि फोनला उत्तर द्यावं लागतं. फोनची बॅटरी लहान, अँटेना लहान, आवाज बारीक. राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला ऐकू जात नाही. वायफायच्या दांड्या दिसतायत पण पान उघडत नाही, हा जो अनुभव सगळ्यांना येतो ना, तो बऱ्याचदा हाच असतो. शिवाय राउटरची शक्ती मनाला येईल तेवढी वाढवता येत नाही. २.४ चा पट्टा आपल्याकडे २००५ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो, पण शक्तीला सरकारनं मर्यादा घालूनच.

आता आपली घरं बघा. अमेरिकेतला चुलतभाऊ फुशारकी मारतो की एका राउटरवर अख्खं दोन मजली घर चालतं. चालणारच. त्याच्या घराच्या भिंती म्हणजे लाकडी सांगाडा आणि त्यावर ठोकलेली जिप्समची पाटं. आपल्याकडे पेठेतल्या वाड्याची दगडी भिंत दीड-दोन फुटांची. कोकणात चिऱ्याची भिंत नऊ इंच ते फूटभर, त्यात चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पिऊन बसतो, आणि या लहरींना पाणी अजिबात मानवत नाही. शिवाय सिग्नल भिंतीला काटकोनात गेला तर फूटभर दगड लागतो, साठ अंश तिरका गेला तर तोच दगड दोन फुटांचा होतो. खोक्यावर छापलेल्या "२००० चौरस फूट कव्हरेज" मध्ये यातली एकही भिंत धरलेली नसते.

तर सांगायचा मुद्दा असा की हा प्रश्न राउटरचा नाही, बांधकामाचा आहे. आणि आपल्याला औषधं विकली जातात ती सगळी राउटरची.

पहिलं औषध, मोठा प्लॅन. तक्रार करायला फोन लावा, पलीकडून गोड आवाजात सांगतात, "सर, तुमचा प्लॅन १०० चा आहे, ३०० चा घ्या." नळाला पाणी भरपूर आहे, मधला पाइप तुंबलाय, आणि उपाय काय तर टाकी मोठी करा. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात हो! खात्री करायची तर लॅपटॉप वायरनं थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळत असेल तर प्लॅनला काहीही झालेलं नाही, आणि वरच्या प्लॅनचे पैसे दर महिन्याला भिंतीत जिरणार आहेत.

दुसरं औषध, सहा-आठ अँटेनांचा कोळी. जास्त अँटेनांचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. मोकळ्या जागेत, बरीच उपकरणं असताना जरूर होतो. पण काँक्रीटपुढे त्यांची शोभाच जास्त.

तिसरं औषध, बूस्टर, म्हणजे रिपीटर. हे यंत्र सिग्नल ऐकतं आणि पुन्हा बोलतं. एकाच चॅनेलवर आधी ऐकायचं मग बोलायचं, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्मा होतो. तेही चाललं असतं, पण लोक तो लावतात कुठे? जिथे सिग्नल नाही बरोबर तिथे! कोरड्या विहिरीवर पंप बसवल्यासारखं. पंपाचा दिवा हिरवा लागतो, मालक खूश, पाणी नाही ते नाहीच.

चौथं औषध, मेश. दोन-तीन डब्यांचा संच, दिसायला देखणा, किंमत त्याहून देखणी. हे तंत्र खरोखर चांगलं आहे, पण त्याचे डबेसुद्धा एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर मधली भिंत त्यांनाही तेवढीच नडते. महागड्या संचात डब्यांच्या आपसातल्या गप्पांसाठी वेगळा रेडिओ असतो, त्यानं वेग निम्मा होणं टळतं, पण भिंत काही हलत नाही. हेच डबे वायरनं जोडले की झकास चालतात. म्हणजे फिरून फिरून गाडी वायरवरच आली.

आणि पाचवं, आंतरजालावरचं झाडपाल्याचं औषध, राउटरमागे अॅल्युमिनियमची फॉइल. त्यानं एका बाजूचा सिग्नल थोडा वाढतो, खरं आहे. पण तो दुसऱ्या बाजूचा काढून दिलेला असतो. आईच्या ताटातली पोळी बाबांच्या ताटात, एवढंच.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, "जाऊ दे गं, एका खोलीत नाही आलं तर काय बिघडलं? हॉलमध्ये येऊन बसायचं."

इथेच मला राग येतो. कारण ती एक खोली कोणाची असते ते बघा.

राउटर बसतो टीव्हीजवळ, दाराशी. का? कारण कनेक्शन लावणारा मुलगा घाईत असतो, त्याला दिवसात अशी अनेक घरं करायची असतात, आणि केबल दारातून आत येते. तो विचारतो, "कुठे लावू?" घरातला कर्ता पुरुष म्हणतो, "इथेच, टीव्हीपाशी." झालं, पुढच्या पाच वर्षांचा नकाशा दोन मिनिटांत ठरला. आता हॉलमध्ये कोण बसतं? टीव्ही. आणि आतल्या, मागच्या खोलीत कोण? अभ्यास करणारी मुलगी. अंथरुणाला खिळलेली आजी, जिला नातवाचं तोंड व्हिडिओ कॉलवरच दिसतं. आणि घरून काम करणारी सून, कारण हॉलमध्ये सासऱ्यांच्या बातम्या चालू असतात.

२०२० मध्ये सगळी ऑफिसं आणि शाळा एकदम घरात आल्या, तेव्हा हे उघडं पडलं. माझ्या टीममधली एक जण मागच्या बेडरूममधून काम करायची. कॉलवर तिच्या आवाजाचे तुकडे पडायचे, कॅमेरा चालू केला की लाइनच जायची, म्हणून ती कॅमेरा बंद ठेवायची आणि कामापुरतं चॅटवर लिहायची. काम एक नंबर. वर्षाअखेर अप्रेझलमध्ये शेरा आला, "मीटिंगमध्ये सहभाग कमी." तिच्या घरी प्लॅन ३०० एमबीपीएसचा होता! राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, लाकडी युनिटच्या आत, पुढे पितळेची मूर्ती. तिथून तिच्या टेबलापर्यंत दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. त्यावर उपाय म्हणून घरच्यांनी तोवर दोन बूस्टर आणले होते. शेवटी काम झालं ते बारा मीटर वायर आणि माळ्यावर पडलेला जुना राउटर यांच्यावर. पण अप्रेझलचं वर्ष काही परत आलं नाही.

मुलाखत अशीच तुटते, ऑनलाइन परीक्षा अशीच लटकते. आणि दोष प्रत्येक वेळी आत बसलेल्या माणसाच्या माथी येतो. ती बोलत नाही, तो तयारी करत नाही, आजीला फोन नीट धरता येत नाही. भिंतीला कोणी काही विचारत नाही.

मग वायर टाकायला हरकत काय? विचारून बघा. नव्वद टक्के वेळा उत्तर एकच, "भिंतीवरून वायर? शोभा जाते."

या शोभेचं मला आश्चर्य वाटतं. त्याच भिंतीवरून एसीचा पाइप जातो. स्वयंपाकघरात गॅसची पिवळी नळी जाते. पाण्याच्या फिल्टरच्या पांढऱ्या नळ्या ओट्यावर लोंबतात, इन्व्हर्टरच्या बोटभर जाड वायरी पॅसेजमधून धावतात. टीव्हीच्या छत्रीची काळी केबल खिडकीतून आत येते, ती कोणाला खुपत नाही. कारण टीव्ही सगळ्यांचा, आणि मागच्या खोलीतलं नेट फक्त तिचं. शोभेची अडचण नेमकी तिथेच उभी राहते.

आता बिल्डरांकडे वळू, कारण मूळ तिथे आहे.

पुण्या-मुंबईच्या नव्या टॉवरांमध्ये अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती ओततात, बांधकामवाले त्याला मायवन म्हणतात. काम पटापट होतं, भिंत गुळगुळीत येते. पण घरातली जवळजवळ प्रत्येक भिंत सळ्यांचं काँक्रीट होऊन बसते. बाहेरची तर असतेच, आतलीही. विटांच्या भिंतीला निदान नंतर खाच पाडता येते. ही भिंत इमारतीचा भार पेलणारी, तिला छिन्नी लावायची सोय नाही. म्हणजे नळी घालायची तर काँक्रीट ओतण्याआधीच, नाहीतर जन्मात नाही. जाहिरातीत "स्मार्ट होम" लिहिणारा बिल्डर त्या एका दिवशी दोनशे रुपयांची नळी वाचवतो, आणि वीस वर्षांच्या कर्जावर घर घेणारा माणूस पुढे वीस वर्षं बूस्टर बदलत बसतो.

ट्रायनं ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारे देण्याचे नियम काढले. हॉटेलांना असतात तसे. कल्पना चांगली. पण तारे घ्यायचे की नाही ते इमारतवाल्याच्या मर्जीवर. ज्याची व्यवस्था चांगली तो घेईल, ज्याची वाईट तो कशाला परीक्षेला बसेल? माझं म्हणणं साधं आहे. फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत दिव्याचं बटण असतं, पंख्याचा पॉइंट असतो. तसा लॅनचा एक पॉइंट असलाच पाहिजे, आणि सगळ्या नळ्या घराच्या मध्यावर एका पेटीत आल्या पाहिजेत. बुकिंग करताना स्विमिंग पूल कुठल्या मजल्यावर आहे हे विचारतो ना आपण? त्याच दमात हेही विचारा, आणि करारात लिहून मागा. दहापैकी सात गिऱ्हाइकांनी विचारलं तर बिल्डर पुढच्या स्कीमला आपणहून देईल. त्यांना गिऱ्हाइकाची भाषा बरोबर कळते.

ज्यांची घरं आधीच बांधून झालीत त्यांच्यासाठी, म्हणजे बहुतेक सगळ्यांसाठी, आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिली गोष्ट फुकटची. राउटर टीव्ही युनिटच्या पोटातून बाहेर काढा, उंचावर ठेवा, जमल्यास घराच्या मध्याकडे सरकवा. आत येणारी फायबर केबल बारीक असते, ती दाराशीच संपली पाहिजे असा काही शास्त्राचा नियम नाही. नवीन कनेक्शन घेताना त्या मुलाला चहा पाजा आणि म्हणा, "बाबा रे, पॅसेजमध्ये लाव." वाड्यात राहत असाल तर चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीत ठेवा. सिग्नलला दगडातून जाण्यापेक्षा चौकातून, दारा-खिडक्यांतून फिरून जाणं सोपं पडतं.

दुसरी गोष्ट, मोजा. फोनवर सिग्नल डेसिबलमध्ये दाखवणारी फुकट अॅप्स मिळतात. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने होतो, उणे ८० च्या खाली नुसता मनस्ताप. प्रत्येक खोलीत उभं राहून आकडा कागदावर लिहा. घरात वाद होतो तो अंदाजावर होतो. आकड्यापुढे सासरेबुवासुद्धा गप्प बसतात.

तिसरी गोष्ट, वायर. कॅट सिक्सची घ्या. मीटरभर वायर साधारण एका वडापावच्या भावात येते. फक्त घेताना शुद्ध तांब्याची मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास मिळते, तिच्या नादी लागू नका. एक गिगाबिटचा वेग शंभर मीटरपर्यंत बिनबोभाट जातो, आणि शंभर मीटरचं घर आपल्यापैकी कोणाचं नाही. ती न्यायची कुठून? टीव्हीच्या केबलची नळी भिंतीत असेल तर जुन्या केबलला बांधून नवी ओढून घेता येते. एसीच्या पाइपचं भोक असतं. काही नसेल तर स्कर्टिंगच्या कडेनं पांढऱ्या केसिंग पट्टीतून न्या, आठ दिवसांत ती दिसेनाशी होते. विजेच्या वायरीच्या नळीत मात्र घुसवू नका. भाड्याचं घर असेल तर चपटी लॅन वायर मिळते, दाराच्या फटीतून जाते, भोक पाडावं लागत नाही आणि घरमालकाची बोलणी खावी लागत नाहीत.

चौथी गोष्ट, त्या वायरच्या टोकाला आतल्या खोलीत जुना राउटर जोडा. नवा आणायची गरज नाही, दोन प्लॅन बदललेल्या प्रत्येक घरात एक तरी पडलेला असतो. वायर त्याच्या लॅन लिहिलेल्या भोकात घाला. सेटिंगमध्ये डीएचसीपी बंद करा, त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच द्या. २.४ वर चॅनेल वेगळं निवडा. १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत, तेव्हा एकाला १ दिलं तर दुसऱ्याला ६ द्या. अर्ध्या तासाचं काम आहे. डेस्कटॉप आणि टीव्ही जागचे हलत नाहीत, त्यांना तर सरळ वायरच लावा. हवा फोनसाठी मोकळी राहील.

वायफायला माझा विरोध नाही. माझं पोट त्यावर चालतं. पण त्याचं काम खोलीत हिंडायचं. भिंत ओलांडायचं काम तारेचं. ज्या मोबाइल टॉवरला आपण बिनतारी म्हणतो त्यातल्या बऱ्याचशांच्या पायथ्यापर्यंतही फायबर गेलेलं असतं. आपल्या ऑफिसात छताला टांगलेला प्रत्येक पांढरा डबा वायरनं जोडलेला असतो. धंदेवाल्यांना हे कधीच कळलंय, म्हणून त्यांच्या मीटिंगा तुटत नाहीत. घरातच तेवढी शोभा आडवी येते.

तेव्हा मंडळी, उद्या रविवार आहे. बूस्टरची ऑर्डर दिली असेल तर रद्द करा. इलेक्ट्रिशियनला फोन लावा. आणि वायर कुठपर्यंत न्यायची हे टीव्हीला विचारू नका. मागच्या खोलीत जी बसते तिला विचारा.